व्याहीभेटीत पडलेला फेटा

मी एक जुना फेटा आहे. आज माझी चिंधी बघून कुणाला पटायचं नाही, पण मित्रांनो, एके काळी माझा तोरा काय विचारता! साळ्याच्या मागावर मी विणला गेलो, रंगाऱ्याने मला लालभडक रंगवलं. भाजे गावच्या महिपतीने मला लोणावळ्याच्या बाजारात घेतलं ते लेकीच्या, झुंबरच्या लग्नासाठी. दुकानातल्या आरशात मला डोक्यावर बघून तो स्वतःशीच हसला. तिथेच मला तो आवडला.

लग्नाच्या दिवशी त्याने मला चांगलं उंच बांधलं. मीही जरा जास्तच ताठलो, खोटं कशाला सांगू?

व्याहीभेटीची वेळ आली. नवरानवरीच्या बापांनी चारचौघांत एकमेकांना उराउरी भेटायचं, अशी आमच्याकडची रीत. नवऱ्याचा बाप हौशीराम लोणावळ्याला रेल्वेत सांधेवाला, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणारा होता. रुळावर आलेली दरड बघून त्याने एकदा गाडी थांबवली होती, तेव्हा गोऱ्या साहेबाने त्याचा हात हातात घेऊन हलवला होता. तेव्हापासून मोठा मान द्यायचा तर हात मिळवायचा, हे त्याच्या मनाने घेतलं होतं.

महिपती दोन्ही हात पसरून पुढे धावला. हौशीरामाने उजवा हात ताठ पुढे केला. तो हात थेट महिपतीच्या पोटात बसला! महिपती "अगाई गं!" करून वाकला आणि मी घरंगळत हात धुवायच्या जागेवरच्या चिखलात. सगळा मांडव हसला. महिपतीचा चेहरा मात्र माझ्याहून लाल झाला.

"मी उराशी धराया गेलो, तर मला ढकललं!" महिपती म्हणाला.

"मी हात दिला, त्यो त्यांनी घेतला न्हाई!" हौशीराम म्हणाला.

झालं! दोघांचं बोलणं तुटलं. दोन दिवाळ्या गेल्या, पण झुंबर माहेरी आली नाही. ना इकडून कुणी आणायला गेलं, ना तिकडून कुणी धाडली. मला धुऊन खुंटीला टांगलं होतं. तिथून मला महिपतीची बायको बयाबाई दिसायची. सणाला लेकीच्या वाटणीची पुरणपोळी ती बाजूला काढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी गाईला घालायची. माझ्या ताठ्यापायी हे झालं, असं वाटून मला फार वाईट वाटायचं.

मग झुंबरला दिवस गेल्याचं कळलं. सातवा लागला तशी बयाबाई कंबर कसून उभी राहिली. "पोरगी पहिलटकरीण हाय. तिला आणाया तुमी जाताय, का मी गाडी जुंपू?"

 दुसऱ्या दिवसापासून मी खुंटीवरून एक गंमत बघू लागलो. अंगणातल्या नांगराची मूठ, म्हणजे रुमणं, महिपती रोज सकाळी उजव्या हातात धरायचा आणि वर-खाली हलवायचा. पुन्हा सोडायचा, पुन्हा धरायचा.

"आवं, नांगराला काय राम राम घालताय?" बयाबाईने विचारलं.

"गप गं! शिकतोय."

आठवड्याने त्याने मला बांधलं, गाडी जुंपली आणि आम्ही लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत पोचलो. हौशीराम दारातच उभा होता. महिपतीने धाडकन उजवा हात पुढे केला. आणि हौशीराम, काय सांगू तुम्हाला, दोन्ही हात पसरून धावत आला! हात थेट त्याच्या पोटात. तो कळवळून वाकला, त्याचं डोकं मला लागलं, आणि मी पुन्हा जमिनीवर.

 दारात अवघडून उभी असलेली झुंबर एकदा बापाकडे बघे, एकदा सासऱ्याकडे. आता गाडी रिकामीच परत जाणार, असं मला वाटलं.

"पाव्हणं," हौशीराम पोट चोळत म्हणाला, "तुमी हात कवा शिकलात?"

"रुमण्यावर. पर तुमी मिठी?"

झुंबरला हसू आवरेना. "मामंजी रोज ओसरीच्या खांबाला मिठ्या मारत्यात, आबा!"

मग दोघे असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं. हौशीरामाने मला उचललं, झटकलं आणि स्वतःच्या हातांनी व्याह्याच्या डोक्यावर ठेवलं. अगदी वाकडं! पण झुंबरला गाडीत बसवून भाज्याला पोचेपर्यंत महिपतीने मला सरळ केलं नाही. इतका शोभून मी आयुष्यात कधी दिसलो नसेन.

मित्रांनो, आता मी विरून गेलोय. माझ्या चांगल्या उरलेल्या तुकड्याची बयाबाईने नातीसाठी झोळी केली आहे. मला गार पाण्यात धुवा, पिळू नका, एवढंच मागणं. आणि समोरचा हात पुढे करो की मिठी मारायला येवो, तो आलाय हे आधी बघा. माझ्या झोळीतल्या चिंगीला कुठलीच रीत ठाऊक नाही. जो वाकेल त्याच्या मिशा ती मुठीत धरते. दोन्ही आजोबा डोक्यावरचे फेटे काढून ठेवतात आणि आळीपाळीने वाकतात.