एडिथने कोंबडा ओलांडला

नेदर ॲशकोम गावात माणसांचे दोनच प्रकार: कोंबड्यावरून उडी मारलेली आणि न मारलेली.

कोंबडा म्हणजे चर्चच्या कळसावरचा, पत्र्याचा, वारा फिरेल तसा गर्रकन फिरणारा. माणसाच्या जन्मात जेमतेम एकदा तो सोनेरी मुलाम्यासाठी खाली उतरायचा. परत चढण्याआधी गावाने त्याच्यावरून उडी मारायची, ही रीत चर्चइतकीच जुनी. मग जन्मभर छाती फुगवून सांगायचं, मी चर्चचा कळस ओलांडलाय.

मागच्या खेपेला सात वर्षांची एडिथ अंगभर गोवर घेऊन खिडकीत बसली होती. धाकटी बहीण म्युरिएल टुणकन उडी मारून आली, आणि तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, रविवारचा चहा असो, तिचं एकच पालुपद, आमची एडिथ तेवढी राहिली हो.

आता एडिथ ऐंशी पार. कोंबडा हिरवळीवर झगझगत उभा, दुपारी वर जाणार. पुढची खेप काही आपल्याला दिसत नाही, हे तिला ठाऊक होतं. पोरं कोकरांसारखी टणाटण उड्या मारत होती, आणि तिचे गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या.

पाद्रीबाई म्हणाल्या, कोंबडा आडवा ठेवू. म्युरिएल म्हणाली, आडवा कुणीही ओलांडेल, रीत उभ्याची आहे. घंटा वाजवणारे चौघे म्हणाले, खुर्चीत बसवून नेतो. ते एडिथलाच पटेना. म्हणाली, मग ती उडी खुर्चीची झाली.

शेवटी तिने चर्चचं आवार सांभाळणाऱ्या गिडियनला हाक मारली.

"फावडं आण रे."

"कशाला, मावशी?"

"मला वर जाता येत नाही. त्यालाच खाली घाल."

गाव खो-खो हसलं, पण खड्डा झाला. कोंबडा त्यात उभाच, अगदी ताठ, तुरा तेवढा गवताबाहेर. म्युरिएलने पलीकडून वाकून खोट शोधली. सापडेना.

"दोन्ही पाय सुटले पाहिजेत हं, एडे. नाहीतर ती नुसती ढांग."

एडिथने काठी फेकली, स्कर्ट गोळा केला आणि उडाली. उडी चिमणीएवढीच, पण ती थेट म्युरिएलच्या मिठीत जाऊन आदळली.

"सुटले का गं?"

म्युरिएलने तिची टोपी सरळ केली. "सुटले. पण माझी उडी मोठी होती."

"तेव्हा तुझे गुडघे नवे होते," एडिथ म्हणाली, आणि पुन्हा उडी मारायला पोरांच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.