पाँच कोणी बोललं नाही

माझ्या नवऱ्याला गिनतीचं वेड होतं. वेडच म्हणते मी, उगाच कशाला गोड बोलू? फौजेतून हवालदार होऊन आले, अंबरनाथ पूर्वेला संसार मांडला, पण घराबाहेर पाऊल टाकलं की ओरडायचे, "गिनती कर!" मग मुलगा मिलिंद 'एक', सूनबाई यशोधरा 'दो', नात हर्षदा 'तीन', मी 'चार'. 'पाँच' झालं की म्हणायचे, "विश्राम!"

चैत्यभूमीच्या गर्दीत तेच, लग्नाच्या हॉलबाहेर तेच. लोक खिदळायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा जेवताना मी तडकलेच. तेव्हा बोलले. एकाहत्तरच्या लढाईत धुक्यातून मागं यायचा हुकूम आला. माणसं मोजायचं काम यांचं. घाईत मोजली नाहीत. सकाळी एक कमी. भगवान, यांचा दोस्त. "जिवंत होता का मेला, अजून कळलं नाही," म्हणाले आणि ताटावरून उठले. त्यानंतर मी मुकाट्यानं 'चार' म्हणायला लागले.

जानेवारीत हे गेले.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी केमिकल कंपन्यांच्या बाजूनं उग्र वास आला. बघता बघता डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं. खिडकीबाहेर सगळं पांढरं, समोरची बिल्डिंग दिसेना. खाली कोणीतरी बोंबललं, "गॅस लीक झालाय, भागो!" ओली फडकी तोंडाला बांधून आम्ही जिना उतरलो.

गेटबाहेर आपलाच हात दिसेना. माणसं अंगावर आदळत होती, खोकत होती. मी इतकी घाबरले की माझ्याच तोंडून निघालं, "गिनती कर!"

"एक!" मिलिंद ओरडला.

"दो!"

"तीन!" हर्षदा रडत होती.

"चार!" मी म्हटलं.

पुढं काहीच नाही.

अगं बाई! "परत बोला!" एक, दो, तीन, चार. पुन्हा गप्प. कोणीतरी वर राहिलं होतं. कोण, ते डोक्यात येईना. जिन्यात कोणीतरी पडलंय आणि आपण सोडून आलो, भगवानसारखं, एवढंच दिसत होतं. मी मागं फिरले, गेट ढकललं, पायऱ्या चढायला लागले. छाती जळत होती.

मागून यशोधरेनं कंबर धरली. "आई, कुठं चाललात?"

"सोड मला! एक कमी आहे! पाँच कोणी बोललं नाही!"

तिनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "आई, पाँच बाबा बोलायचे."

मी पायरीवरच बसले. हे गेले तेव्हा चारचौघांत रडले नव्हते, तिथं हंबरडा फोडला. दोघांनी मला धरून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. तिथं हवा जरा बरी होती. मिलिंदनं रिक्षा थांबवली, तर मी चढेना.

"आधी गिनती," म्हटलं.

एक, दो, तीन, चार. मग पाँचही मीच म्हटलं. विश्राम मात्र तोंडातून निघेना.