पाण्याला भिणारी होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. हसायचे तर हसा.

काळ्या व्होल्टा नदीकाठी, बाकुओ गावात, महोगनीचे खोड कोरून मला घडवले. त्याआधी लोक पोकळ भोपळे छातीशी धरून नदी ओलांडत. निम्मे गाव पलीकडचा बाजार न पाहताच म्हातारे होई. माझ्यामुळे बाजरी, मीठ, नव्या नवऱ्या, सगळे इकडून तिकडे जाऊ लागले. बायोर नावाडी रोज माझी पाठ थोपटायचा.

पलीकडच्या काठावर अकोल्गो लोहाराची भट्टी होती. बायोर डगारी, अकोल्गो फ्राफ्रा. या दोन जमातींचे नातेच थट्टेचे. एकमेकांना गुलाम म्हणायचे, वाटेल ते बोलायचे, राग मात्र धरायचा नाही. बारा वर्षे अकोल्गो काठावरून आरोळ्या ठोकत होता, "बायोर, होडी बुडतेय रे!" नाहीतर, "बायोर, तुझी बायको पळाली!"

एका बाजाराच्या दिवशी बायोरची लेक आयुओ सासरी निघाली. मांडीवर नऊ दिवसांचे बाळ. नदीच्या मध्यावर माझ्या तळाला खालून काहीतरी घासले. केवढे मोठे, आणि जिवंत! माझे लाकूड गारठले, पण मला तोंड कुठे होते?

"मागे फिर! पाणघोडी आहे, पिल्लू घेऊन!" अकोल्गो ओरडला.

"कुत्र्याची मुंडकी खाणाऱ्या, तुला जिकडेतिकडे मांसच दिसतं," बायोर म्हणाला.

अकोल्गोने गुडघे टेकले. "बायोरदादा, पाया पडतो. आज थट्टा नाही."

"बघ गं आयुओ, माझा गुलाम सोंग किती छान वठवतोय."

तेव्हा अकोल्गोने हातोडा आणि लोखंडाची पाटी उचलली आणि पाटी बडवत तो पाण्यात शिरला. माझ्याखालचे पाणी फुगले. ती पाणघोडी वळली आणि त्याच्याकडे गेली. बायोरला तेव्हा कुठे ती दिसली. त्याने वेड्यासारखे वल्हे मारून आम्हाला काठाला लावले. बाळ झोपलेलेच होते. अकोल्गोचा देह दुसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला वाळूत सापडला.

फ्राफ्रा मेला, की त्याच्या डगारी सोबत्याने मयताजवळ बसून त्याची टर उडवायची, अशी रीत. नाहीतर मेलेल्याचा अपमान होतो. बायोर बसला. मग तो म्हणाला, "ऊठ रे खोटारड्या. मेलोय म्हणतोस, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

रीत म्हणून सगळे हसले. बायोरही हसला आणि हसता हसता रडू लागला.

त्याने मला पुन्हा पाण्यात लोटले नाही. आता पूल झाला आहे. मी काठावर पालथी पडले आहे, वाळवी मला खाते आहे. मित्रांनो, थट्टा खूप करा. पण कोणी हाक मारली, तर आधी पाण्याकडे बघा. हसायला मागाहूनही वेळ मिळतो.