भरल्या गाडीला वाट

वडप्याच्या आमच्या गोदामांच्या आवारात पाहुण्यांना फिरवायला बॅटरीची गोल्फ कार्ट आहे. ती चालवतात मोरूकाका. इथे भातशेती होती तेव्हा ते इथेच बैलगाडी हाकायचे. कार्टही बैलांच्याच चालीने नेतात. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून थकतात.

काल नवे मॅनेजर पुढे बसले होते, मागे मी. समोरून मालाने भरलेला ट्रक आला की काका कार्ट कडेला घेऊन थांबायचे. तिसऱ्या ट्रकला साहेब भडकले.

"आपण आपल्या लेनमध्ये आहोत! थांबता कशाला?"

"भरल्या गाडीला रिकामीनं वाट द्यायची, सायब. गावची रीत हाय."

"रिकामी? मी बसलोय ना!"

काकांनी साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि चौथ्या ट्रकसाठी कार्ट पुन्हा कडेला घेतली.