लिस्बनची तारीख

लिस्बनला जायचं हे आमचं जानेवारीतच ठरलं. कधी जायचं, हा प्रश्नच नव्हता. लग्नाचा पहिला वाढदिवस तिथे साजरा करायचा म्हटल्यावर तारीख काय कुणाला विचारायची असते? क्लेमेन्स म्हणाला, "विमान आणि खोली मी बघतो, तू त्यात लक्ष घालू नकोस." मी म्हटलं, बरं. फिरायचं कुठे आणि खायचं काय, ते माझ्याकडे आलं. वाटणी योग्यच होती. माझ्या नवऱ्यावर जेवणाचं सोपवलं तर तो लिस्बनमध्येही उकडलेले बटाटे शोधत बसेल.

रोज संध्याकाळी जेवण झालं की आम्ही टेबलावर नकाशा पसरायचो. "नदी दिसेल अशी खोली मिळालीय," तो म्हणाला. "सँडल घे, ऊन असेल." मला हसू आलं. पावसाळी म्युन्स्टरच्या माणसाला जरा ढग हटले की घाम फुटतो. "आपण जाऊ तेव्हा गर्दी नसेल," असंही म्हणाला. तेही मला पटलं. मी एक पातळ रेनकोट आणला, तर म्हणे, "हा कशाला?" मी म्हटलं, "असू दे, मे महिन्याचं काय सांगता येतं?" तो तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

मी रॉस्टॉकची, समुद्रकाठची. आई मी शाळेत असतानाच गेली. बाबांनी गोदीत जहाजांचं वेल्डिंग करून मला वाढवलं. बाबा आमच्या लग्नाला होते आणि जुलैत, काही कळायच्या आत, हृदय बंद पडून गेले. लग्नाचा दिवस हा माझ्याकडे उरलेला त्यांचा शेवटचा चांगला दिवस. त्या तारखेला मी म्युन्स्टरच्या फ्लॅटमध्ये भिंतीकडे बघत बसले असते तर वेड लागलं असतं. म्हणून मला लिस्बन हवं होतं. समुद्राच्या वाऱ्यात बसायचं, मासे खायचे आणि क्लेमेन्सनं आपणहून बाबांचं नाव काढायचं, एवढंच माझं मागणं होतं. तोंडानं मागितलं नव्हतं. मागून मिळालेल्या आठवणीत काय मजा?

एप्रिल संपत आला तशी मी चष्म्याच्या दुकानातून रजा मंजूर करून घेतली. वसंतात सगळ्या गावाला काळे चष्मे हवे असतात. मालकानं नाक मुरडलं, पण सही केली. बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली. क्लेमेन्स ती दोनदा ओलांडून गेला आणि काही बोलला नाही. तेव्हाच मी विचारायला हवं होतं, हे खरं.

त्या रविवारी आम्ही सासूकडे कॉफीला गेलो. अन्नेग्रेट गावात राहते, चर्चच्या अगदी समोर. रविवारी दुपारी तिच्या टेबलावर पांढरी चादर, निळ्या नक्षीचे कप आणि केक नसेल तर समजावं की कुणीतरी गेलंय. त्या दिवशी रूबार्बच्या आंबट देठांचा केक होता. तिनं मला मोठा तुकडा वाढला, वर फेटलेली साय घातली आणि म्हणाली, "खाऊन घे. यंदा माझा प्लमचा केक काही तुमच्या नशिबात नाही. तुम्ही तिकडे लिस्बनला मजा करणार, आणि प्लम काय तुमची वाट बघत झाडावर थांबणार?"

मी हसले. "प्लम? मे महिन्यात?"

"मेचं कोण बोलतंय? सप्टेंबरात, बाई."

क्लेमेन्सचा काटा केकमध्येच थांबला.

"आपण सप्टेंबरात जातोय?" मी त्याला विचारलं.

"बारा सप्टेंबरला. लग्नाच्या वाढदिवसाला," तो म्हणाला. "दुसरं कधी जाणार?"

"नऊ मेला."

तो विचार करायला लागला. मला तो नीट दिसत होता, कपाळावर आठ्या घालून नऊ मे म्हणजे काय ते आठवत होता. तो एखादं खोटं बोलला असता तर चाललं असतं, इतकं ते बघणं वाईट होतं. मग त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हां, ते! अगं, ते तर कागदाचं होतं."

कागदाचं. या घरात त्याला तेच नाव आहे. नगरभवनात अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं, हो म्हणायचं, सह्या करायच्या, की कायद्यानं तुम्ही नवरा-बायको. चर्चमधलं लग्न ज्याला हवं त्यानं मग कधीही करावं. आमच्या रॉस्टॉकमध्ये बहुतेक लोक ते करतच नाहीत. चर्चमध्ये आम्ही ऑर्गन ऐकायला जातो. सासरी मात्र पाद्र्यानं हात धरल्याशिवाय कुणाचं लग्न झालेलं नाही. म्हणून आमची लग्नं दोन झाली. मे महिन्यात रॉस्टॉकच्या नगरभवनात एक, सप्टेंबरात या समोरच्या चर्चमध्ये दुसरं. आणि गेले चार महिने आम्ही एकाच नकाशावर बोटं फिरवत दोन वेगवेगळ्या सहली ठरवत होतो.

"सहीला काय लग्न म्हणायचं?" अन्नेग्रेट कॉफी ओतत म्हणाली. "सही तर मी पार्सल घेतानाही करते."

"तुम्ही त्या दिवशी आला नव्हता," मी म्हटलं.

तो 'तुम्ही' तिघांनाही ऐकू आला. अन्नेग्रेट जुन्या वळणाची आहे. लग्नाआधी तीन वर्षं मी तिला 'तुम्ही' म्हणत होते. मेमध्ये सून झाल्यावरही 'तुम्ही'च. बारा सप्टेंबरला चर्चच्या पायऱ्यांवर तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, आता मला अन्नेग्रेट म्हण, आणि 'तू' म्हण. एकदा दिलेलं 'तू' आमच्याकडे कुणी परत करत नाही. मी मुद्दाम केलं नव्हतं. तोंडातून गेलं.

तिनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"माझे बाबा आले होते," मी म्हणाले. एकदा सुरू झाल्यावर गप्प बसणं मला जमत नाही. "कोट इस्त्री करून, दाढी करून, सकाळपासून दारात उभे होते. तुम्हाला कागद वाटला, त्यांना लेकीचं लग्न वाटलं. आणि सप्टेंबरात मी काय साजरं करू? तेव्हा मी पांढरा झगा घालून तुमच्या सगळ्या नातेवाइकांसमोर हसत होते, आणि बाबांच्या कबरीवरची माती अजून बसलीही नव्हती. मला थोडे महिने हवे होते, बाकी काही नको होतं. पण तुमचा तो समारंभाचा हॉल!"

"वेन्के," क्लेमेन्स म्हणाला.

"हॉलचं काय?" अन्नेग्रेटनं विचारलं.

"हॉलची तारीख बदलता येत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना. क्लेमेन्सनं सांगितलं."

"मी?" तिनं माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. "मी तर म्हणत होते की पुढे ढकला. पोरीचा बाप गेलाय, तिला नाचायला कसं लावायचं? हॉलवाल्याशी मी स्वतः बोलले. तो वसंतात द्यायला तयार होता. तुझ्या नवऱ्यानंच सांगितलं मला, की वेन्केलाच पुढे ढकलायचं नाहीये."

मी त्या बाईचा तेव्हापासून मनातल्या मनात उद्धार करत आले होते. तिचे प्लम, तिची पांढरी चादर, तिचे निळे कप, सगळं डोळ्यांत खुपायचं. सासूवर राग धरणं सोयीचं असतं, रविवारी भेटायचं आणि राग तिथेच ठेवून यायचा. नवऱ्यावरचा राग मात्र घरात घेऊन झोपावा लागतो.

"खरं आहे?" मी क्लेमेन्सला विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही म्हणण्यासाठी नव्हे.

अन्नेग्रेट उठली. मला वाटलं, आता मला काहीतरी ऐकवणार. तिनं उरलेला केक कागदात गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि मुलाला म्हणाली, "हिला घरी ने. आणि वाटेत तोंड उघड. तुझ्या बापासारखा मुका बसू नकोस."

गाडीत पहिली पाच-सात गावं तो मुकाच बसला. मी काचेतून मोहरीची पिवळी शेतं बघत होते आणि मनात ठरवत होते. खोटं बोलणारा माणूस एकवेळ परवडतो, पण माझ्या नावानं खोटं बोलणारा? माझ्या दुःखाचा निर्णय परस्पर घेणारा? रॉस्टॉकला मैत्रिणीकडे खोली मिळाली असती. चष्म्यांची दुकानं तिकडेही आहेत.

"रजा मी घेतलेली आहे," मी शेवटी म्हणाले. "नऊ तारखेला मी लिस्बनला जाणार. एकटी गेले तर परत कुठे येईन, ते मला आत्ता माहीत नाही. का केलंस ते सांग."

त्यानं गाडी शेताच्या कडेला घेतली आणि बंद केली. हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

"तू बाबांचं घर आवरायला गेलीस," तो म्हणाला. "आठ दिवस म्हणालीस आणि महिना झाला. फोन घेत नव्हतीस. मी आलो तर म्हणालीस, तू जा, मला एकटीला आवरू दे. मला वाटलं, ही आता येत नाही. ते घर, तो समुद्र, हिचं तिथेच सगळं आहे. इथे काय आहे? मी आहे आणि आईचे केक आहेत. लग्न पुढे ढकललं असतं तर तू आली नसतीस."

"लग्न झालेलं होतं, क्लेमेन्स."

"कागद होता. कागद फाडता येतो, असं मला वाटलं."

"म्हणजे मेपासून सप्टेंबरपर्यंत मी तुझी कोण होते?"

त्याचे डोळे भरून आले होते, आणि मला त्याची दया येत होती, आणि दया येतेय याचाच संताप येत होता. घाबरून केलेली गोष्ट होती. मला कळत होतं. पण कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही.

"नगरभवनात सह्या झाल्या त्या दिवशी मी दुपारच्या गाडीनं निघून आलो," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या दिवशी कामावर पाइपलाइनची तपासणी होती. मी नसतो तरी झाली असती. पण तुझ्या बाबांसमोर मला बसवेना. मी गेल्यावर तुम्ही काय केलंत? तू कधी सांगितलं नाहीस."

खरंच सांगितलं नव्हतं. ठरवून नव्हतं सांगितलं. बाबा आणि मी जवळच्या वार्नेम्युन्डे बंदराच्या धक्क्यावर गेलो, मासा घातलेले पाव घेतले आणि बाकावर बसलो. बाबांचा एकुलता एक कोट, त्यावर कांदा पडू नये म्हणून पुढे वाकून खात होते. मी पाव नुसता हातात धरून बसले होते. लग्नाच्या दिवशी नवरा तपासणीसाठी पळाला होता.

"बाबा म्हणाले," मी सुरुवात केली आणि थांबले. वर्षभर मी ते कुणाला दिलं नव्हतं. याला दिलं असतं तर हा सुटला असता, आणि मला त्याला सोडायचं नव्हतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझ्या आईशी लग्न केलं त्याच संध्याकाळी मी रात्रपाळीला गेलो होतो. सुट्टी मिळत होती. घेतली नाही. घरात बायको बसलीय या विचारानंच दार उघडायचा धीर होईना, म्हणून गोदीत जाऊन पहाटेपर्यंत लोखंड जोडत बसलो. हा पळालेला नाहीये, हा घाबरलाय. म्हणाले, माझ्या जावयाला सांग, घाबरायचं असेल तर घरी बसून घाबर. बायकोला दिसू दे."

क्लेमेन्सनं स्टिअरिंग सोडलं.

"हे मला सांगायला सांगितलं होतं?"

"हो."

"आणि तू..."

"नाही सांगितलं. आता ऐक. तू बारा सप्टेंबर धरलास ना, तर तू त्यांचा जावई कधी झालाच नाहीस. तोपर्यंत ते राहिलेच नव्हते. नऊ मे धरलास तरच झालास. मला नदी दिसली नाही तरी चालेल आणि खोली नसली तरी चालेल. तू कोणती तारीख धरतोस, तेवढं सांग."

मागून एक ट्रॅक्टर आला, आमच्या गाडीला वळसा घालून पुढे गेला. क्लेमेन्सनं बाहीनं तोंड पुसलं.

"जावई म्हणाले?" त्यानं विचारलं. "क्लेमेन्स नाही? जावई?"

"जावई," मी म्हटलं. "पाववाल्या बाईलाही तेच सांगितलं. माझा जावई म्युन्स्टरचा आहे म्हणाले, कामाला गेलाय."