दोन चुली अन् यादोरावचं पोट

इंग्रजाच्या राजात नागरा गावच्या यादोरावचं पोट एवढं फुगलं, का शंकराच्या देवळात तो दंडवत घाले तं डोस्कं भुईले लागेच ना. पोटावरच डोलत राहे. महादेवानं हात लावून थांबवावं, तवा थांबे. पाय सुजले, डोळे हळदीवानी पिवळे. वीस वर्षं मोहाची दारू ढोसली, तिनं कलेजा सुकवून दगड केला होता.

गोंदियाच्या डाक्टरनं साफ सांगतलं, "दगड काही विरघळत नाही. पण पाणी उतरलं तं जगशील. दारू बंद, मीठ बंद. पंधरा दिवसांनी पोट मोजतो."

दारू त्यानं सोडली. अडचण मिठाची होती. घरात बायका दोन, चुली दोन. एक दिवस थोरल्या धुरपताबाईची पाळी, एक दिवस लाहन्या रुख्माची. दुसरं लगन झालं तवाच पंचांनी तसं ठरवून देल्लं होतं.

धुरपताले रुख्माचं सगळंच सले. तिचं हासणं सले, तिचं कुकू सले. तिच्या चुलीचा धूर मुद्दाम आपल्याच डोळ्यात येते, असं तिले वाटे. धूर बिचारा तलावाकडं जाये.

पहिल्या दिवशी रुख्मानं अळणी वरण-भात वाढला. यादोरावनं दोन घास खाल्ले अन् ताट सरकवलं.

"थू! बैलाचं खाणं होय का हे?"

धुरपताले आपल्या चुलीपाशी हे ऐकू आलं. तिचा जीव गार झाला. दुसऱ्या दिवशी तिनं भातात मिठाचा खडा नाही टाकला, पण भाताखाली सुक्या झिंग्यांची खारी चटणी दडवली. डाक्टरनं मीठ बंद केलं, झिंगे थोडेच केले!

यादोरावनं ताट चाटलं. "धुरपता, बिनामिठाचं असं रांधणं तुलेच जमते वं!"

"हात लागते त्याले," धुरपता बोलली, पल्याडच्या चुलीले ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

मंग धुरपताच्या हरेक पाळीले झिंगे. पंधरा दिवसांनी यादोराव गोंदियाले जायाले बैलगाडीत बसला, तं पोटानंच गाडी भरली. दोघी बायका मांगून पायी गेल्या.

डाक्टर विचारे, रुख्मा सांगे.

"दारू?"

"थेंब नाई जी."

"उलटीत रक्त?"

"नाई जी."

"दिवसा झोपते, रात्री जागते?"

"दोन दिवस तसं झालं जी."

"संडास काळा?"

"पिवळा जी."

धुरपताचा जळफळाट झाला. नवऱ्याच्या संडासाचा रंग बी हिलेच मालूम!

"मंग पाणी वाढलं कसं?" डाक्टरनं विचारलं. "मीठ कोण देऊन राहिलं?"

रुख्मानं धुरपताकडं पाह्यलं. झिंग्याचा वास काय लपते?

"माह्याच हातून पडलं जी," रुख्मा बोलली. "सवयीनं."

यादोरावनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे वं. खरं बोलली, लय झालं."

असा मऊ आवाज धुरपतानं वीस वर्षांत ऐकला नव्हता. तिच्या अंगाची लाही झाली. नवरा घेतला हिनं, आता माहा गुन्हा बी घेऊन चालली!

"खोटी बोलून राहिली जी!" ती वरडली. "तिचं रांधलेलं तं ढोरं बी सुंगत नाई! मीठ माह्यं होतं! झिंग्यात!"

डाक्टरनं कलम खाली ठेवली. "असंच चाललं तं हा होळी पाहत नाही. घराची रीत बदला. आजपासून चूल एक, हात एक." मंग यादोरावले विचारलं, "कोणाचा?"

यादोरावनं धुरपताकडं पाह्यलं. ओठावरून जीभ फिरवली.

"रुख्माचा," तो बोलला. "धुरपताच्या हातचं खाऊन मी मरीन जी. अन् खुशीनं मरीन."

रडावं का मिरवावं, धुरपताले समजेना. घरी येऊन तिनं लोखंडी सब्बल घेतली अन् आपली चूल आपणच फोडली. मंग रुख्माच्या चुलीपाशी जाऊन मांडी घातली.

"इथंच बसतो मी. तुहा हात पाहीन."

"पाहा ना बाई."

यादोरावले अळणी वाढून रुख्मानं आपल्या ताटात चिमटीभर मीठ घेतलं. धुरपतानं तिचं मनगट धरलं.

"ठेव ते! त्याले नाई तं आपल्याले बी नाई. तुले चव भेटलेली माह्यानं पाहवत नाई."

रुख्मानं मीठ ठेवलं. तिघंही अळणी भात चावत बसले.

पंधरा दिवसांनी पोट चार बोटं उतरलं. डाक्टरनं शाबासकी एकट्या रुख्माले देल्ली. वाटेनं पार नागऱ्यापावेतो धुरपता तिच्यासंगं एक शब्द बोलली नाही.