वॅटीवर घातलेलं ग्लॅमर

सिनेमातल्या नट्यांचं ग्लॅमर त्या किनाऱ्यावर फार उशिरा पोचलं. त्याआधी स्कॉटलंडच्या कोळीवाड्यांत ग्लॅमर म्हणजे नजरबंदी. बाई ते पुरुषाच्या डोळ्यांवर घालायची, आणि मग त्या बिचाऱ्याला गारगोटीसुद्धा हिऱ्यासारखी दिसायची.

एल्स्पेट फ्लेटच्या मते तिच्या मुलावर, वॅटीवर, तेच झालं होतं. नाहीतर एकुलता एक, स्वतःच्या होडीचा तांडेल, कोळ्यांच्या पोरी सोडून आतल्या गावच्या नेटा नावाच्या पोरीच्या नादी का लागावा? कोळ्याच्या बायकोला कडाक्याच्या थंडीत शिंपले उघडून गळांना आमिष लावावं लागतं. ही तर गाईंची धार काढणारी!

"होडीवर शीळ घालतो गं हल्ली," ती शेजारच्या बेलाला म्हणाली. "वादळ ओढवून घेईल मेला!"

"ग्लॅमरच ते. आणि केस पाहिलेस तिचे? लालभडक! दारात रोवनच्या झाडाची काडी ठेव, लाल दोरा गुंडाळून. तसली चेटकी बाई ती ओलांडूच शकत नाही."

"आणि ओलांडली तर?"

"तर सून म्हणून घे पदरात!" बेला खदखदून हसली. एल्स्पेट हसली नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी नेटा भेटायला येणार होती. दुसऱ्या दिवशी होडी निघायची म्हणून वॅटी पहाटेच धक्क्यावर गेला होता. एल्स्पेटने दारातल्या पायपुसण्याखाली काडी सरकवली आणि पडद्याआड उभी राहिली.

नेटा आली. हातात केक. दाराशी येऊन थबकली.

"ये ना आत, पोरी," एल्स्पेटने आवाज साखरेत घोळवला.

"नको. इथेच बरी आहे मी."

"एवढ्या थंडीत? ये म्हणते ना!"

नेटाने खाली पाहिलं आणि पाऊल मागे घेतलं. सापडली! आता वॅटीला आणून दाखवायचं, बघ म्हणावं डोळ्यांनी.

"का गं? पाय उचलत नाही का?"

"मिसेस फ्लेट, आज घरात कुणी येऊन गेलंय?"

"नाही. तूच पहिली."

"मग कशी येऊ? वर्षाचं पहिलं पाऊल, आणि तेही लाल केसांच्या बाईचं? उद्या वॅटी समुद्रावर जाणार. आधी एखादा काळ्या केसांचा पुरुष येऊन जाऊ दे."

एल्स्पेटने दाराची चौकट धरली. दरवर्षी या दिवशी काळ्या केसांचा पुरुष येऊन जाईपर्यंत ती सख्ख्या बहिणीलासुद्धा बाहेर ताटकळत ठेवायची. आणि आज संशयाच्या भरात ती स्वतःच अपशकुनाला हात धरून घरात ओढत होती.

"बेला! तुझ्या सँडीला उठव!"

"रात्रीची उतरली नाहीये त्याची!"

"तसाच ढकल!"

बेलाचा काळ्या कुरळ्या केसांचा नवरा सँडी शकुनाचा कोळशाचा खडा घेऊन झोकांड्या खात आला, घोटभर व्हिस्की घेऊन गेला. मग नेटा आत आली. नेमकी पायपुसण्यावरच उभी राहून तिने बूट चांगले घासून पुसले.

"हे पहिल्या पावलाचं तुला वॅटीने शिकवलं?"

"नाही. आमच्याकडेही पाळतात. तुमचा तर समुद्राशी खेळ, म्हटलं जास्तच पाळत असाल."

इतका विचार करणारी पोर साधी नसते, एल्स्पेटच्या मनात आलं. तिने शिंपल्यांचं घमेलं आणि एक बोथट सुरी आणून तिच्यापुढे आदळली.

"तोंड बंद ठेव आणि शिंपले उघड."

नेटाने बाह्या वर केल्या. एल्स्पेट खुर्ची ओढून अगदी समोर बसली, तिचे दोन्ही हात दिसतील अशी. सुरी घसरली. बोटातून रक्त आलं. पोरीने ते स्कर्टला पुसलं आणि पुढचा शिंपला उचलला.

एल्स्पेटने ती बोथट सुरी तिच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःची धारदार सुरी पुढे सरकवली.